उदरभित्तीचे जन्मजात दोष : शस्त्रक्रियेपूर्वीचे काही तास निर्णायक

लखनौ : पोटाच्या पुढील भिंतीत छिद्र राहून आतडी शरीराबाहेर घेऊन जन्मलेले मूल आज शस्त्रक्रियेने वाचू शकते. मात्र त्याचे भवितव्य बहुतेक वेळा शस्त्रक्रियागृहात नव्हे, तर तेथे पोहोचण्यापूर्वीच्या काही तासांत ठरते. गर्भावस्थेत वेळेवर झालेली सोनोग्राफी, प्रसूतीसाठी निवडलेले रुग्णालय, उघड्या आतड्यांवर घातलेले स्वच्छ आवरण आणि प्रवासात टिकवलेली शरीराची ऊब या साध्या वाटणाऱ्या गोष्टींवर या बालकांचे जगणे अवलंबून असते.

उत्तर प्रदेशच्या राजधानीत या उपचारांची सोय आहे. १९०५ मध्ये पायाभरणी झालेल्या आणि १९११ पासून विद्यार्थी घडवणाऱ्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात स्वतंत्र बालशल्यचिकित्सा विभाग आहे. रायबरेली मार्गावरील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत वैद्यकीय आनुवंशिकीचा विभाग असून गर्भातील दोषांच्या तपासण्या तेथे होतात. परंतु हरदोई, गोंडा, बहराइच, लखीमपूर खीरी यांसारखी ठिकाणे लखनौपासून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर आहेत. तेथे जन्मलेल्या अशा बालकासाठी हे अंतर हाच पहिला धोका ठरतो.

दोष कसा निर्माण होतो?

गर्भाच्या वाढीत एक टप्पा असा असतो की, आतडी पोटाबाहेर असणे हेच स्वाभाविक असते. साधारण सहाव्या आठवड्यात आतडी इतक्या झपाट्याने वाढतात की इवल्याशा उदरपोकळीत त्यांना जागा पुरत नाही आणि ती नाळेच्या मुळाशी शिरतात. दहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती वळण घेत पुन्हा पोटात परततात. त्यामुळे बारा आठवड्यांपूर्वीच्या सोनोग्राफीत नाळेजवळ आतडी दिसली, तरी तेवढ्यावरून दोषाचे निदान करता येत नाही. त्यानंतरही ती बाहेर राहिली किंवा पोटाची भिंत पूर्ण मिटली नाही, तर तो दोष ठरतो.

अशा दोषांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात, म्हणजे ‘गॅस्ट्रोस्किसिस’मध्ये, बेंबीच्या शेजारी, बहुधा उजव्या बाजूस, लहान छिद्र असते आणि त्यातून आतडी थेट बाहेर आलेली असतात. त्यांच्यावर कोणतेही आवरण नसते. गर्भजलात अनेक महिने राहिल्याने ती सुजलेली, जाड आणि एकमेकांना चिकटलेली आढळतात. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे ‘ओम्फॅलोसील’मध्ये, आतडी आणि काही वेळा यकृतही नाळेच्या मुळाशी असलेल्या पातळ पारदर्शक पिशवीत असते. नाळ त्या पिशवीलाच जोडलेली असते. यांपैकी प्रत्येक दोष काही हजार जन्मांमागे एका बालकात आढळतो.

मूत्राशयच पोटाच्या भिंतीबाहेर उघडे राहणे हा याच गटातील आणखी दुर्मीळ दोष होय. किंग जॉर्ज विद्यापीठातील बालशल्यचिकित्सकांनी त्यावरील शस्त्रक्रियांसंबंधी संशोधन प्रसिद्ध केले आहे. लहान मुलांत सर्रास दिसणारी फुगलेली बेंबी, म्हणजे बेंबीचा हर्निया, मात्र यात मोडत नाही. तो त्वचेखाली झाकलेला असतो आणि बहुतेक मुलांत पहिल्या काही वर्षांत आपोआप बरा होतो.

दिसण्यात साम्य, अर्थ वेगळा

या दोन प्रकारांतील फरक पालकांनी समजून घेणे महत्त्वाचे आहे. गॅस्ट्रोस्किसिसचे दृश्य अधिक भयावह असते. तरीही बहुसंख्य बालकांत दोष तेवढाच असतो आणि हृदय, मेंदू आदी अवयव निरोगी असतात. सुमारे दहापैकी एका बालकात आतड्याचा मार्ग कुठेतरी बंद झालेला आढळतो. योग्य उपचार मिळाल्यास यातील बहुतेक मुले इतर मुलांसारखीच वाढतात.

ओम्फॅलोसील झाकलेले असल्याने कमी गंभीर वाटते. प्रत्यक्षात त्याच्यासोबत हृदयाचे दोष किंवा तेराव्या अथवा अठराव्या गुणसूत्राची अतिरिक्त प्रत असण्याची शक्यता बरीच अधिक असते. मोठी जीभ आणि जन्मानंतर रक्तशर्करा घसरणे ही लक्षणे असलेल्या ‘बेकविथ-विडेमन’ विकाराशीही त्याचा संबंध आहे. म्हणून या दोषात गर्भाच्या हृदयाची तपासणी आणि गुणसूत्रांची चाचणी आवश्यक मानली जाते. येथे मुलाचे भवितव्य छिद्राच्या आकाराइतकेच सोबतच्या दोषांवर अवलंबून असते.

कारणांविषयी समाजात अनेक गैरसमज आहेत. गरोदरपणी ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून मूल असे जन्मले, असा ठपका आजही अनेक घरांत आईवर ठेवला जातो. त्यास कोणताही वैद्यकीय आधार नाही. गॅस्ट्रोस्किसिस वीस वर्षांखालील मातांच्या अपत्यांत अधिक आढळतो आणि धूम्रपानाशीही त्याचा संबंध दिसून आला आहे. मात्र एखाद्या विशिष्ट मातेच्या बाबतीत अमुक एका कारणाने तो झाला, असे सांगता येत नाही.

निदान आणि निर्णय

बहुतेक दोष १८ ते २० आठवड्यांदरम्यानच्या सविस्तर सोनोग्राफीत दिसतात. गर्भलिंगनिदानास १९९४ च्या कायद्याने बंदी असली, तरी गर्भातील व्यंग शोधण्यासाठीची सोनोग्राफी त्याच कायद्याच्या चौकटीत वैध आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार गर्भात गंभीर व्यंग असल्यास २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या अनुमतीने गर्भपात करता येतो. त्यामुळे निदान होताच काही कुटुंबे त्याच पर्यायाचा विचार करतात. म्हणूनच निर्णयापूर्वी बालशल्यचिकित्सकाचा सल्ला आवश्यक ठरतो. केवळ गॅस्ट्रोस्किसिस असलेला गर्भ आणि गुणसूत्रदोषासह ओम्फॅलोसील असलेला गर्भ यांच्या भवितव्यात मोठे अंतर असते.

गर्भ वाढवण्याचे ठरल्यास प्रसूती कोठे व्हावी, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो. केवळ गॅस्ट्रोस्किसिस आहे म्हणून सिझेरियन करण्याची गरज नसते. यकृतासह मोठे ओम्फॅलोसील असल्यास मात्र बहुधा सिझेरियनचा पर्याय स्वीकारला जातो. दोन्ही प्रसंगी बालशल्यचिकित्सक आणि नवजात अतिदक्षता कक्ष एकाच आवारात असणे लाभदायक ठरते. जन्मलेल्या बाळाला हलवण्यापेक्षा गर्भवतीला आधीच तेथे नेणे कितीतरी सुरक्षित असते.

जन्मानंतर लगेच काय करावे?

निदान न होता बाळ जन्मल्यास पहिली मदत तालुका रुग्णालयातही करता येते. उघड्या आतड्यांतून उष्णता आणि पाणी झपाट्याने निघून जाते. त्यामुळे बाळाचे अंग गार पडणे आणि शरीर शुष्क होणे हे तातडीचे धोके असतात. आतडी स्वच्छ हातमोजे घालून हाताळावीत आणि निर्जंतुक, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीने छातीपर्यंतचा भाग झाकावा. नुसते ओले कापड काही वेळातच थंड होऊन बाळाची ऊब कमी करते. आतडी ओढली जाऊन त्यांचा रक्तपुरवठा तुटू नये म्हणून बाळाला उजव्या कुशीवर ठेवून आतड्यांना आधार द्यावा. तोंडाने दूध देऊ नये. जठर रिकामे राहावे म्हणून नाकातून किंवा तोंडातून नळी घालावी, शिरेवाटे द्रव आणि प्रतिजैविके सुरू करावीत. ओम्फॅलोसील असल्यास पिशवी फुटणार नाही, याची काळजी घ्यावी आणि रक्तशर्करा तपासावी. आतडी बळाने पोटात ढकलण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

आतडी एकदम आत बसवल्यास पोटातील दाब वाढतो. त्याचा परिणाम श्वसन, मूत्रपिंडे आणि रक्ताभिसरणावर होतो. म्हणून जागा अपुरी असल्यास आतडी पारदर्शक पिशवीत ठेवून ती पिशवी बाळाच्या वर टांगली जाते आणि काही दिवसांत आतडी हळूहळू आत सरकवली जातात. या पद्धतीची सुरुवात १९६७ मध्ये झाली. तयार पिशवी महाग असल्याने भारतातील शल्यचिकित्सकांनी निर्जंतुक मूत्रपिशवीसारख्या स्वस्त साधनांचाही उपयोग केला आहे. मोठ्या ओम्फॅलोसीलमध्ये काही वेळा तातडीची शस्त्रक्रिया टाळली जाते. पिशवीवर औषधी लेप लावून तिच्यावर हळूहळू त्वचा येऊ दिली जाते आणि भिंत नंतर शिवली जाते.

पोट बंद झाले म्हणजे उपचार संपले, असे होत नाही. गॅस्ट्रोस्किसिसमधील आतडी कार्यरत होण्यास अनेकदा काही आठवडे लागतात. तोवर पोषण शिरेवाटे द्यावे लागते. ते खर्चिक असते आणि त्यातून जंतुसंसर्गाचा धोका असतो.

आकडे काय सांगतात?

‘लॅन्सेट’मध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ७४ देशांतील अभ्यासात गॅस्ट्रोस्किसिसने मृत्यू पावलेल्या बालकांचे प्रमाण उच्च उत्पन्नाच्या देशांत १.४ टक्के, मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३१.९ टक्के आणि अल्प उत्पन्नाच्या देशांत ९० टक्के आढळले. अल्प उत्पन्न गटात केवळ दहा बालकांची नोंद होती, हे लक्षात घेतले तरी तफावत स्पष्ट आहे. दोष सर्वत्र तोच असतो. फरक निदान, वाहतूक, शुश्रूषा आणि पोषण यांत पडतो.

देशात त्यासाठीची चौकट काही अंशी उपलब्ध आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांमध्ये आजारी नवजातास मोफत उपचार आणि वाहतूक देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रातील पालघर येथून २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांची तपासणी होते. मात्र त्याच्या मूळ यादीत दुभंगलेले ओठ, वाकडे पाऊल, हृदयदोष आदींचा नावाने उल्लेख असून उदरभित्तीच्या दोषांचा नाही.

लखनौच्या परिघातील जिल्ह्यांना लागू असलेली ही गोष्ट गडचिरोलीहून नागपूरला निघालेल्या रुग्णवाहिकेलाही तितकीच लागू आहे. मोठ्या शहरातील शल्यचिकित्सकाचे कौशल्य त्या बाळाच्या उपयोगी पडायचे असेल, तर प्रसूतिगृहातील परिचारिकेला पिशवी कशी बांधावी हे ठाऊक असले पाहिजे, आणि बाळ पुढच्या रुग्णालयात ऊबदार पोहोचले पाहिजे.