भीती वहीत मांडा, काम एका छताखाली करा

वस्तीतल्या महिला मंडळात सामूहिक उद्योगाचा विषय निघाला की आम्हाला ठरलेले प्रश्न ऐकू येतात. मशीन बिघडली तर भरपाई कोण देणार? माझी नवी कटिंग दुसरीने उचलली तर? पैसे बुडाले तर घरी काय सांगू? आणि मग हळू आवाजात, "आपल्या हातचं खाणार कोण?"

या शंका खोट्या नाहीत. हातावर पोट असलेल्या घरात पाचशे रुपये बुडाले तरी महिन्याचा हिशेब कोलमडतो. शेवटची शंका तर जातीने पदरात घातलेली. पण धोका खरा किती आणि मनातला किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

लिज्जत पापडाचे उदाहरण घ्या. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी पापड लाटायला घेतले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. सगळे बुडाले असते तरी एकीच्या वाट्याला साडेअकरा रुपयेसुद्धा आले नसते. एकटीला जड जाणारे ओझे सातजणींत हलके झाले. नफा-तोटा सर्वांचा, देणगी घ्यायची नाही आणि हिशेब चोख, ही त्यांची शिस्त.

पहिल्याच वर्षी पावसाने गाठले. पापड वाळेनात. चार महिने काम बंद पडले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह. भर पावसात काम चालू राहिले! दोन्ही वस्तू घरगुतीच; पण अडचण सर्वांची एक होती म्हणून तोडगाही सर्वांचा झाला. आज या संस्थेत सुमारे ४५ हजार भगिनी आहेत. सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

त्या सातजणींपुढे जातीची शंका नव्हती, हे आम्ही विसरत नाही. म्हणून आपल्या भगिनींनी गणवेश, कापडी पिशव्या यांपासून सुरुवात केली तरी चालेल. पण भीतीपोटी मसाले-पापड सोडू नयेत. थोडा माल करावा, बाजारात न्यावा, खप किती तो वहीत लिहावा.

कामाची खोली उघडण्यापूर्वी चार गोष्टी ठरवाव्यात :

१. जास्तीत जास्त किती रुपये बुडतील ते लिहून माणशी भागावे. तेवढे झेपत असेल तरच पुढे जावे.
२. दर नगामागे एक रुपया मशीन-दुरुस्तीसाठी बाजूला काढावा.
३. बँकेचे खाते दोघींच्या सहीचे असावे आणि हिशेब दर आठवड्याला सर्वांसमोर वाचावा.
४. नवा नमुना काढणारीचे नाव व तारीख वहीत नोंदवावी. त्या नमुन्याच्या पहिल्या ऑर्डरवर तिला जादा दर द्यावा. मग तो सर्वांनी शिवावा.

मनातल्या भीतीला आकडा नसतो, म्हणून ती वाढत जाते. वहीत उतरली की तिची बेरीज होते, आणि बेरीज वाटून घेता येते.