मधुमेहासह समाधानाचे जीवन

दिनांक 14 नोव्हेंबर हा दिवस जगभर मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. 1921 साली सहकाऱ्यांसह इन्सुलिनचा शोध लावणारे फ्रेडरिक बँटिंग यांचा हा जन्मदिवस होय. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आपल्या देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. हा केवळ शहरातील श्रीमंतांचा रोग आहे, असे मानण्याचे दिवस आता सरले आहेत.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात शरीरात इन्सुलिन तयार होते. परंतु त्याचा प्रभाव कमी पडतो व पुढे त्याचे प्रमाणही घटत जाते. हा रोग सहसा आयुष्यभर सोबत राहतो. म्हणून केवळ रक्तातील साखरेचा आकडा न पाहता रुग्णाचे काम, झोप, दृष्टी, पाय आणि मनःशांती यांचाही विचार आपण करावयास हवा. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत हा विचार येथील ऋतूंना धरूनच करावा लागतो.

प्रथम उन्हाळा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांपलीकडे जातो. अशा उष्णतेत इन्सुलिन निकामी होऊ शकते. घरी फ्रीज नसल्यास बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, ओल्या वाळूत बसविलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवावी. इन्सुलिन गोठूही देऊ नये.

मग पावसाळा. भामरागडसारख्या तालुक्यात नदी-नाल्यांना पूर आला की अनेक गावांचा संपर्क तुटतो. औषधात खंड पडला की साखर वाढते. म्हणून मृग नक्षत्रापूर्वीच आरोग्य केंद्रातील डॉक्टरांशी बोलून पुरेशा गोळ्या घरी आणून ठेवणे हिताचे.

तिसरी गोष्ट पायांची. मधुमेहात पायांची संवेदना मंदावते. काटा रुतला तरी कळत नाही. तेंदूपत्ता तोडताना वा धानाची रोवणी करून परतल्यावर पाय धुऊन, कोरडे करून तळवे रोज पाहावेत. अनवाणी चालू नये. लहानशा जखमेकडे दुर्लक्ष झाल्यामुळे पाय कापावा लागण्याची वेळ येऊ शकते, आणि ज्याचे पोट पायांवर चालते त्याच्यासाठी ती फार मोठी हानी होय.

तपासणीबाबतही एक खबरदारी आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी एचबीए1सी ही चाचणी तांबड्या रक्तपेशींवर अवलंबून असते. आपल्या भागात सिकलसेल आढळतो. या आजारात त्या पेशी लवकर नष्ट होत असल्याने चाचणीचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. घरात कोणास सिकलसेल असल्यास डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

आहाराविषयी भीती नको. भात सोडावयाचा नसून त्याचे प्रमाण कमी करावयाचे आहे. ताटात डाळ व भाजी अधिक असावी. मोहफुलांतही साखर भरपूर असते, हे लक्षात ठेवावे. घाम, थरथर, गोंधळलेपणा ही साखर उतरल्याची लक्षणे होत. रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. तो बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता तातडीने दवाखान्यात न्यावे. उपवासकाळात गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना उपवास धरू नये. आजारी माणसाला उपवासातून मोकळीक असते. तो दानाने व प्रार्थनेने प्रायश्चित्त करू शकतो.

शेवटी मनाविषयी. रोजचे पथ्य आणि खर्च यांनी रुग्ण थकतो. अशा वेळी दोष देण्यापेक्षा सोबत चालणे श्रेयस्कर. घरच्यांनी एकच जेवण जेवावे, शेजाऱ्याने दवाखान्यापर्यंत साथ द्यावी. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने गावातील आशाताईंमार्फत वा आयुष्मान आरोग्य मंदिरात तपासणी करून घ्यावी. आपल्या धर्मग्रामातील एकही रुग्ण एकाकी राहू नये, एवढी काळजी आपण सर्वजण घेऊ या.