सहल केव्हा काढावी?

मंडळी, शाळेची सहल म्हटली की आमच्याकडे डिसेंबर-जानेवारी ठरलेला. पिके निघालेली असतात, रस्ते कोरडे असतात, हवा गार असते आणि पहिल्या सत्राची परीक्षा मागे पडलेली असते. सगळे सोयीचे. पण आज मी तुम्हांला मांजरसुंब्याहून निघणारी दोन दिवसांची एक सहल सांगणार आहे, आणि ती सांगताना माझा जोर एकाच गोष्टीवर राहणार आहे. ही सहल डिसेंबरात काढू नका. दसऱ्याच्या मागेपुढे काढा.

हे शहाणपण मला एका फसलेल्या सहलीने शिकवले. त्या वर्षी आम्ही जानेवारीत निघालो. वाटेत मी पोरांना कपिलधारेच्या धबधब्याचे इतके वर्णन केले, इतके केले, की पायऱ्या उतरताना त्यांच्यात पुढे पळण्याची शर्यत लागली. खाली जाऊन पाहतो तो कड्यावर काळी ओल तेवढी. एक पोरगा म्हणाला, “गुरुजी, धबधबा कुठंय?” मी कड्याकडे बोट दाखवले. त्याने माझ्याकडे पाहिले. पुढे काही बोलला नाही.

पण खरी गोष्ट रात्री हजेरी घेताना ध्यानात आली. पटावर मुले बेचाळीस आणि सहलीला आलेली एकोणतीस. राहिलेल्या तेरांतले दोघे आजारी होते. बाकीचे अकरा जण आईबापांबरोबर उसाच्या फडात होते. त्यांच्या गाड्या दिवाळीच्या सुमारास भरून गेल्या होत्या. ज्यांना वर्षात एकदा तरी हौसेचा प्रवास घडावा, नेमकी तीच मुले कामाच्या प्रवासाला गेलेली, आणि सहलीची तारीख ठरवताना हे माझ्या मनातही आले नव्हते. बीड जिल्ह्यातून दरसाल लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती परततात पाडव्याच्या सुमारास. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावात राहू शकतात, ही चांगली सोय आहे. पण सगळी राहतात असे नाही.

म्हणजे पाणी आणि मुले, दोन्ही हजर असण्याचे दिवस फार थोडे. सप्टेंबरची अखेर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. यातच आपली सहल बसवायची आहे.

आता मांजरसुंबाच का, असे कोणी विचारील. धुळे-सोलापूर रस्त्यावरचे हे नाक्याचे गाव. एक वाट पाटोद्याकडे जाते, एक केज-अंबाजोगाईकडे आणि उत्तरेची घाट उतरून बीडला. नेकनूर, चौसाळा, लिंबागणेश या बाजूच्या शाळांना ते घरच्या अंगणासारखे. बीड शहर वीसेक किलोमीटरच्या आत. पण माझे कारण वेगळे आहे. डोंगरावर पडलेला पाऊस शहरापर्यंत कसा पोचतो, हे या एवढ्याशा वाटेत मुलांना डोळ्यांनी दाखवता येते. कडा, घाट, तलाव, विहीर, नदी, शहर असे एकामागून एक. त्यामुळे निसर्ग एका दिवशी आणि शहर दुसऱ्या दिवशी अशी तुटक सहल होत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर कपिलधार गाठावी. मांजरसुंब्यापासून थोड्याच किलोमीटरवर, मुख्य रस्ता सोडून आत. इथे मन्मथस्वामींची समाधी आहे. ‘परमरहस्य’ हा त्यांचा ग्रंथ, आणि वीरशैव समाजाचे हे मोठे श्रद्धास्थान. कार्तिकी पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते, तेव्हा शाळेची सहल त्या दिवसांत नको. समाधीचे दर्शन झाले की धबधब्याकडे वळावे. पण पाण्यात उतरू देऊ नये. शेवाळलेल्या दगडावर मोठ्या माणसाचा पाय ठरत नाही, तिथे पोराचे काय! लांबून बघितले तरी शिकण्यासारखे पुष्कळ आहे. हा बालाघाट काळ्या पाषाणाच्या आडव्या थरांनी बनलेला. एक थर कठीण, त्याखालचा मऊ. मऊ थर आधी झिजतो, वरचा कठीण थर पुढे येऊन राहतो आणि त्याच्या काठावरून पाणी खाली कोसळते. शेतकऱ्याच्या मुलाला हे समजावणे अवघड नाही. विहीर खोदताना वर मुरूम लागतो, मग खडक, मग पुन्हा मुरूम, हे त्याने पाहिलेले असते. त्याला फक्त एवढेच सांगायचे, की तीच विहीर इथे उभी कापून ठेवली आहे.

तिथून परत मांजरसुंब्याला येऊन घाट उतरायचा. रस्ता आता चौपदरी झाला आहे, वाहने वेगाने जातात. वळणावर गाडी थांबवू नका, रुंद जागा बघून उतरा. या दिवसांत उतारावरच्या सीताफळीला फळ असते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्याचे नाव आता कायद्याने या मातीशी जोडले गेले. खडकाळ, उथळ जमीन, वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्याही आत पाऊस, आणि पाल्याला शेळी सहसा तोंड लावत नाही. म्हणून हे झाड इथे टिकले. डोळे उघडलेले फळ कोणते आणि कच्चे कोणते, हे मुले तुम्हांलाच शिकवतील. एकच सांगून ठेवा. बी फोडून खेळू नये. त्याची भुकटी डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते.

घाटमाथ्यावरच नकाशा काढावा. बालाघाटाच्या उत्तर अंगाला पडलेले पाणी बिंदुसरेसारख्या नद्यांनी सिंदफणेला आणि तिथून गोदावरीला जाते. दक्षिण अंगाचे मांजरेला मिळते. मांजरा लांबचा वळसा घालून तेलंगणात कंदकुर्तीला गोदावरीलाच भेटते. पोरांना हे फार आवडते. एकाच डोंगराच्या दोन अंगांवर पडलेले दोन थेंब शेकडो किलोमीटर फिरून पुन्हा एका नदीत येतात.

घाट उतरला की पालीजवळ बिंदुसरेचे धरण. १९५० च्या दशकातले. तिथे फार वेळ नको, भिंतीवर मुले नेऊ नयेत, दुरून पाणी किती भरले ते बघावे आणि पुढे निघावे.

मात्र खजाना विहिरीला घाई करू नका. बीडच्या अलीकडे पाच-सहा किलोमीटरवर, सोलापूर रस्त्याच्या बाजूला ही विहीर आहे. हिजरी ९९१, म्हणजे इसवी सन १५८२-८३ च्या सुमाराचे बांधकाम. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली आणि काम उभे केले राजा भास्कर नावाच्या स्थपतीने. सरकारी खजिना या कामी खर्ची पडला म्हणून हे नाव, असे लोक सांगतात. ते खरे असो नसो, विहिरीची रचना खरोखर बघण्यासारखी आहे. आत तीन भुयारी वाटा आहेत. दोन वाटांनी पाणी येते, तिसरीने बाहेर जाऊन शेते भिजवते.

इथे मोट नाही, पंप नाही, मग पाणी शेतात चढले कसे? मुलांना हा प्रश्न घालून थोडा वेळ गप्प बसा. उत्तर असे, की पाणी चढलेच नाही. जमिनीला उतार असतो. भुयारी पाटाला जमिनीपेक्षा कमी उतार दिला, की जसजसे खाली जावे तसतसा पाट जमिनीच्या पृष्ठाजवळ येत जातो, आणि एका ठिकाणी तो आपोआप उघड्यावर येतो. पाणी आपल्या वजनानेच वाहते. जमिनीखालून आल्याने उन्हाने आटतही नाही. पुढे तीसेक वर्षांनी मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जी नहर आणली ती याच तत्त्वावर. शाळेत परतल्यावर मैदानात रबरी नळी आणि वाळूचा उतार करून हा प्रयोग सहज दाखवता येतो. विहिरीच्या काठावर मात्र एका बाजूला एक शिक्षक उभा हवा, आणि दहा-दहा मुलांचीच टोळी पुढे न्यावी.

मुक्काम बीडला. एखाद्या शाळेची ओळख काढून वर्गखोल्या मागितल्या तर मिळतात. दिवस शिल्लक असेल तर खंडोबाच्या टेकडीवर जावे. देवळापुढे दोन उंच अष्टकोनी दीपमाळा आहेत, सुमारे सत्तर फुटांच्या, आणि त्यांवर माणसे-जनावरे कोरलेली आहेत. तिथून शहराकडे बघावे. सकाळी जिथून निघालो ते डोंगर, मधली नदी आणि खालची वस्ती एकत्र लक्षात येते.

दुसऱ्या दिवशी कंकालेश्वर. पाण्याने वेढलेले, काळ्या पाषाणाचे शिवालय, चालुक्य-यादव काळाच्या वळणाचे. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पे बघताना शस्त्र घेतलेल्या, लढणाऱ्या स्त्रिया दिसतात, त्या मुलींना मुद्दाम शोधायला लावाव्यात. मग बिंदुसरेच्या पुलावर पाच मिनिटे थांबावे. काल बघितलेले पाणी ते हेच. पाणी नेहमी असेच शांत असते असे मात्र मुलांना वाटू देऊ नये. जुलै १९८९ मध्ये या नदीला आलेल्या पुराने काठच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या. बीडच्या जुन्या माणसांना विचारा, पाणी कुठवर चढले होते ते भिंतीवर हात ठेवून दाखवतील. दुपारी जेवून परत फिरले की दिवेलागणीच्या आत घर.

काहीजण म्हणतील, पाटोद्याकडचे नायगाव मयूर अभयारण्य राहिले, सौताडा राहिला. राहू द्या. नायगाव १९९४ साली जाहीर झाले, तीसेक चौरस किलोमीटरचे रान आहे आणि बघावेच असे आहे. पण चाळीस पोरांच्या कलकलाटात मोर दिसत नाही, दिसते ते गळालेले पीस. तिथे पाच-सहा मुलांना घेऊन पहाटे जावे. ती सहल वेगळी.

आता पावसाची भीती. ती खोटी नाही. आपल्याकडे सप्टेंबर कधी कोरडा जातो, कधी झोडपून काढतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याने काय सोसले ते तुम्ही जाणताच. म्हणून तारखा दोन धराव्यात, एक ठरलेली आणि एक आठवड्याने पुढची राखीव. आदल्या दिवशी रेडिओवर हवामान ऐकावे. विजांचा किंवा मुसळधार पावसाचा इशारा असेल तर निमूट राखीव तारखेला जावे. एस. टी. शालेय सहलींना सवलतीच्या दराने गाडी देते, तेव्हा डेपोत अर्ज करतानाच दोन्ही तारखा बोलून ठेवाव्यात. खर्च झेपत नसेल तर मुक्काम गाळून पहिला दिवसच करावा आणि संध्याकाळी खजाना विहिरीवरून मागे फिरावे. वर्गणी हप्त्याने घ्यावी, आषाढापासून थोडी थोडी.

आणि ठरलेली तारीख पंचांग बघून काढू नका. हजेरीपट घेऊन पालकांच्या बैठकीत बसा. उचल कोणी घेतली आहे, मुकादमाची गाडी कधी लागणार आहे, हे एकेकाला विचारा. कोणी सांगेल दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, कोणी सांगेल दिवाळी करून. त्यातली सर्वांत आधीची गाडी ज्या दिवशी सुटणार, त्याच्या चार दिवस अलीकडे सहल ठेवा.