मोसंबीच्या मुळांचा मित्र

आमच्या जालना जिल्ह्यांत मोसंबीचें झाड पिवळें पडलें कीं बागाईतदार आधीं पाणी वाढवितो. दुर्दैवानें बहुधा तेंच घातक ठरतें! साचलेल्या पाण्यांतून फायटोफ्थोरा नांवाचा बुरशीसारखा जीव पोहत मुळांपर्यंत जातो. मुळें कुजतात, बुंध्यांतून डिंक पाझरतो. त्यावर उतारा ट्रायकोडर्मा ही हिरवट बुरशी. ती शत्रुबुरशीच्या तंतूंस विळखा घालून त्यांस फस्त करते, हें अमेरिकेंत वाइंडलिंग यांनीं १९३२ सालीं दाखविलें. मात्र ती सजीव आहे. मुरलेल्या शेणखतांत कालवून, आठदहा दिवस सावलींत ओलसर ठेवून मग आळ्यांत मिसळावी. त्याच दिवशीं बोर्डो मिश्रण ओतणारे सद्गृहस्थ मीं पाहिले आहेत, मित्रासच विष! अर्धें वाळलेलें झाड मात्र तिच्यानें सहसा वांचत नाहीं. म्हणून लागवडीच्या वेळींच ती खड्ड्यांत घालावी.