जांभळं टोपण, पिवळं टोपण

रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाचं रक्त घ्यायचं म्हणजे शीर सापडेपर्यंत सिस्टरांची परीक्षा असते. केमोने शिरा कडक झालेल्या असतात. त्यामुळे एकदा सुई बसली की तिलाच पाठोपाठ दोन ट्यूब लावतात. आधी पिवळ्या टोपणाची, मग जांभळ्या टोपणाची. हा क्रम ठरलेला आहे, कारण जांभळ्या ट्यूबमधलं रक्त न गोठू देणारं रसायन दुसरीत गेलं तर तिथले आकडे बिघडतात. जांभळी ट्यूब हिमॅटॉलॉजीच्या टेबलावर जाते आणि तिच्यातून हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट निघतात. बाहेर बाकावर बसलेली माणसं त्यालाच ‘काउंट’ म्हणतात. काउंट आला का, काउंट वाढला का, याची चौकशी सकाळपासून चाललेली असते. पिवळ्या ट्यूबची विचारपूस कुणी करत नाही.

पुण्यातल्या एका रुग्णालयात रक्तविकारांची ओपीडी आणि तिच्या खालच्या मजल्यावरची प्रयोगशाळा, अशा दोन्ही ठिकाणी बसून मी या पिवळ्या ट्यूबचा प्रवास पाहिला. रक्ताचा कर्करोग आणि गळ्यातली थायरॉईड ग्रंथी यांचा संबंध काय, हे मला समजून घ्यायचं होतं.

ही ट्यूब अर्धा तास स्टँडमध्ये उभी राहते. तिच्यातलं रक्त मुद्दाम गोठू देतात. मग ती सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरून बाहेर येते तेव्हा तळाशी गडद लाल गोळा, मधे जेलचा पांढुरका थर आणि वर फिकट पिवळं सीरम दिसतं. टेक्निशियन ताई प्रत्येक ट्यूब ट्यूबलाइटसमोर धरून बघतात. सीरम लालसर नाही ना, दुधाळ नाही ना, त्यात फायब्रिनची तार नाही ना? मायलोमाच्या रुग्णाच्या ट्यूबवर त्यांची नजर जरा जास्त रेंगाळते. या आजारात बोन मॅरोतल्या प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढतात आणि एकाच जातीचं प्रथिन रक्तात ओतत राहतात, त्यामुळे सीरम कधीकधी नेहमीपेक्षा दाट असतं. सीरम ओढताना मशीनची सुई अडते.

थायरॉईडची तपासणी करणाऱ्या मशीनच्या आत होतं ते असं. चुंबकीय कणांवर चिकटवलेली अँटिबॉडी सीरममधला टीएसएच पकडते. दुसरी अँटिबॉडी त्याला दुसऱ्या बाजूने धरते, आणि तिच्या अंगावर प्रकाश देणारं रसायन असतं. बाकीचं धुऊन टाकलं की उरलेल्यातून क्षणभर उजेड निघतो. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, मशीन मोजतं. जितका टीएसएच जास्त, तितका उजेड जास्त. अर्ध्या तासाच्या आत स्क्रीनवर आकडा उमटतो. निरोगी माणसात तो साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असतो. मी पाहत होतो त्या नमुन्याचा आकडा अठराच्या वर होता.

टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरक. गळ्यातली ग्रंथी सुस्तावली की पिट्युटरी तिच्यामागे तगादा लावते, म्हणून थायरॉईड कमी असताना हा आकडा वर जातो. थायरॉईड ग्रंथी मुख्यतः टी-४ तयार करते. शरीरातल्या पेशी त्यातला आयोडीनचा एक अणू काढून त्याचं जास्त प्रभावी टी-३ बनवतात.

ज्यांचा तो आकडा होता ते काका वरच्या मजल्यावर काकूंबरोबर बसले होते. आजार मल्टिपल मायलोमा. औषधं नेहमीचीच: पोटाच्या कातडीखाली बोर्टेझोमिबचं इंजेक्शन, लेनालिडोमाइडच्या कॅप्सूल, आठवड्यातून एकदा डेक्सामेथासोन. डॉक्टरांनी कसं वाटतंय विचारलं, तर म्हणाले, “अंगात त्राणच नाही हो. जेवलं की डोळे मिटतात. पोटही साफ होत नाही.” काकूंनी लगेच सांगून टाकलं, “आजारच तसा आहे, थकवा यायचाच.”

नेमकी हीच समजूत थायरॉईडला लपवते. थकवा मायलोमाने येतो, हिमोग्लोबिन उतरल्याने येतो, बोर्टेझोमिबने येतो. बद्धकोष्ठ औषधांनी होतं. थायरॉईड कमी झाल्यावरही हेच सगळं होतं, आणि वर थंडी सोसत नाही, नाडी मंदावते, चेहरा सुजल्यासारखा दिसतो. लेनालिडोमाइड घेणाऱ्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच-दहा जणांची थायरॉईड मंदावते. आपल्याकडे स्वस्त म्हणून अजूनही बरंच वापरलं जाणारं थॅलिडोमाइड हे त्याच कुळातलं, आणि त्यानेही हे होतं. ही औषधं प्रतिकारशक्तीला चेतवतात, आणि चेतलेली प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उठते असं मानलं जातं.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, काकांची नाडी धरली, आणि लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे तयार टी-४ ची, गोळी लिहिली. मग काकूंकडे वळून विचारलं, “कॅल्शियमची गोळी कधी देता?”

“सकाळीच. सगळ्या एकदम देते, म्हणजे विसरायला नको.”

मायलोमा हाडं पोखरतो, म्हणून या रुग्णांना हाडांसाठी झोलेड्रोनिक अॅसिड देतात आणि त्याच्या जोडीला कॅल्शियम. थायरॉईडची गोळी कॅल्शियमबरोबर घेतली तर पोटातच दोन्हींची गाठ पडते आणि गोळी रक्तात नीट उतरत नाही. लोहाच्या गोळीचंही तसंच. “उठल्याबरोबर ही एकटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर,” डॉक्टरांनी कागदावर मराठीत लिहून दिलं. सगळ्या ओपीडीत मला सर्वांत मोलाचं वाटलं ते काम हेच. काकूंना आता दोन वेळा आठवण ठेवावी लागणार होती, पण गोळी वाया जाणार नव्हती.

थायरॉईड आणि रक्ताचा कर्करोग यांचं नातं मात्र औषधांच्या दुष्परिणामांहून फार खोल आहे, आणि ते कळलं ते कोंबड्यांमुळे. १९०८ साली कोपनहेगनमध्ये विल्हेल्म एलरमान आणि ओलुफ बांग यांनी आजारी कोंबडीच्या रक्ताचा पेशीविरहित अर्क निरोगी कोंबडीला टोचून ल्युकेमिया होतो हे दाखवलं. त्या अर्कातून रोग नेणारे होते ते विषाणू. पुढे अशाच विषाणूंपैकी एकात, लाल रक्तपेशींचा ल्युकेमिया घडवणाऱ्या एव्हियन एरिथ्रोब्लास्टोसिस विषाणूत, व्ही-अर्ब-ए नावाचं एक जनुक सापडलं. विषाणूने ते कधीकाळी कोंबडीच्याच पेशीतून उचललेलं होतं. मूळ जनुकाचं काम काय? १९८६ साली ब्यॉर्न व्हेनस्ट्रॉम आणि रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटांनी ‘नेचर’मध्ये एकाच वेळी उत्तर दिलं. मूळ जनुक टी-३ या संप्रेरकाला धरणारा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, तयार करतं.

हा ग्राहक पेशीच्या केंद्रकात डीएनएवर बसतो. टी-३ नसताना तो काही जनुकं बंद ठेवतो. टी-३ येऊन चिकटलं की तीच जनुकं उघडतो. कोवळ्या पेशीची पक्व लाल रक्तपेशी होण्यात या उघडझापीचा हात असतो. थायरॉईड फार कमी असलेल्या माणसाला रक्तक्षय होतो तो काही अंशी यामुळेच. विषाणूतला ग्राहक मात्र बिघडलेला आहे. त्याचं शेपूट तुटलेलं आहे आणि टी-३ त्याला धरता येत नाही. एसटीत कुणी रुमाल टाकून जागा अडवावी आणि स्वतः यायचंच नाही, तसा तो डीएनएवर बसून राहतो. जनुकं बंदच राहतात, पेशी पक्व होत नाही. ती कोवळीच वाढत जाते.

त्याच घराण्यातला दुसरा ग्राहक माणसात बिघडतो तेव्हा अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया होतो. तो ग्राहक जीवनसत्त्व-अ पासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लाचा. सुदैवाने त्याची पकड पुरती गेलेली नसते. १९८८ साली शांघायच्या वांग झेन-यी यांच्या चमूने त्याच आम्लाचा मोठा डोस देऊन तो सुटतो आणि पेशी पक्व होऊ लागतात हे रुग्णांमध्ये दाखवलं. आज हा ल्युकेमिया बहुतेकांचा बरा होतो. मला रक्तशास्त्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

२००५ साली अमेरिकेतल्या पॉल डेव्हिस यांच्या गटाने थायरॉईड संप्रेरकांसाठी पेशीच्या बाहेरच्या पडद्यावरही एक जागा असल्याचं दाखवलं. तिचं नाव अल्फा-व्ही-बीटा-३ इंटेग्रिन. इथे टी-३ पेक्षा टी-४ जास्त जोमाने चिकटतं, आणि आत पेशीला वाढीचा निरोप जातो. कर्करोगाच्या अनेक पेशींवर हे इंटेग्रिन भरपूर असतं. इस्रायलमधल्या क्फार सबा इथल्या संशोधकांनी मायलोमाच्या पेशींवर थायरॉईड संप्रेरकं घातली तेव्हा पेशींची वाढ जोरात झाली. टेट्रॅक नावाच्या रेणूने ती जागा अडवली तेव्हा जोर ओसरला आणि बोर्टेझोमिबचा परिणाम वाढला. ब्युनोस आयर्समध्ये ग्रासिएला क्रेमास्की आणि फ्लोरेन्सिया कायरोल यांनी टी-पेशींच्या लिम्फोमात हाच मार्ग दाखवला. त्यांचा अभ्यास २०१५ साली ‘ब्लड’मध्ये आला.

हे वाचून आलेला एक मुलगा ओपीडीत भेटला. वडिलांच्या फाइलमध्ये छापलेला कागद लावून आला होता. “सर, टी-४ मुळे कॅन्सरच्या पेशी वाढत असतील तर बाबांची थायरॉईडची गोळी बंदच करू या का?” प्रश्न मूर्खपणाचा मुळीच नव्हता, आणि डॉक्टरांनीही तो तसा घेतला नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “हे प्रयोग पेशींवर आणि उंदरांवर झालेत. टेट्रॅक हे अजून औषध नाही. बाबांची गोळी थांबवली तर थकवा, कोलेस्टेरॉल, हृदयाची पंपिंग यांचा त्रास आजच सुरू होईल, आणि मग केमोचा डोस पुढे ढकलावा लागेल. मात्र डोस गरजेपेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही, एवढं आपण नक्की पाहू.” मला हे उत्तर पूर्ण पटलं. काचेच्या बशीतल्या पेशीला झोप लागत नाही, भूक लागत नाही. माणसाला लागते.

नुसत्या आकड्यावर विसंबून चालत नाही, हे खालच्या मजल्यावर मला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळालं. त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमासाठी बेक्सारोटिन नावाची कॅप्सूल आहे, अमेरिकेत १९९९ पासून. ती पिट्युटरीचा टीएसएचच दाबते. थायरॉईड उतरलेली असते, पण तगादाच बंद झाल्यामुळे टीएसएचही खालीच दिसतो. अशा रुग्णात फ्री टी-४ बघावं लागतं. स्टेरॉइडही टीएसएच खाली ओढतं. केमोनंतर गळालेले केस लवकर यावेत म्हणून कित्येक जण बायोटिनच्या गोळ्या घेतात, आणि काही मशीनांमध्ये तेच बायोटिन टीएसएचचा आकडा खोटाच कमी दाखवतं. टेक्निशियन ताई म्हणाल्या, “आम्हाला कुणी सांगतच नाही. शाम्पूसारखंच वाटतं लोकांना ते.” ज्यांची थायरॉईड शस्त्रक्रियेने काढली आहे त्यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियासाठी इमॅटिनिब सुरू केलं की थायरॉईडच्या गोळीचा डोस वाढवावा लागतो, हे २००५ पासून माहीत आहे.

बरे झालेल्यांनाही थायरॉईडचा त्रास चुकत नाही. हॉजकिन्स लिम्फोमासाठी मानेला किरणोपचार दिले की ग्रंथी आयती वाटेत येते. १९९१ साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी हॉजकिन्सच्या १,७८७ रुग्णांचा हिशेब मांडला. ज्यांच्या ग्रंथीवर किरण पडले होते त्यांच्यात वीस वर्षांत थायरॉईडचा कोणता ना कोणता विकार होण्याची शक्यता ५२ टक्के निघाली. हल्ली किरणांचा डोस आणि क्षेत्र दोन्ही कमी केलं जातं. तरी विशीत बरी झालेली मुलगी चाळिशीत थकवा घेऊन भलत्याच डॉक्टरकडे जाते आणि जुने किरणोपचार सांगायचे राहून जातात, असं घडू नये.

तुमच्या घरात कुणी रक्ताच्या कर्करोगाशी झगडत असेल तर फाइल उघडून शेवटचा टीएसएच कधी झाला ते पाहा. सापडला नाही तर पुढच्या भेटीत विचारा. बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस थांबवा आणि तसं सांगा. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तास ठेवा. गोळी स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा, कारण त्याआधी आकडा स्थिरावत नाही. डॉक्टरांना विचारताना संकोच वाटायचं कारण नाही. औषध सुरू करण्यापूर्वी आणि उपचार चालू असताना थायरॉईड तपासावी, असं लेनालिडोमाइडच्या माहितीपत्रकातच छापलेलं आहे.