संगणकातील फॅक्स : अंगची सोय की विकतची?

१९९० नंतरच्या दशकात अंधेरीच्या सीप्झच्या परिसरात किंवा घाटकोपर-मुलुंडच्या शास्त्री मार्गावर ज्यांनी लहानमोठा धंदा केला, त्यांना 'एस.टी.डी., आय.एस.डी., फॅक्स' ही पाटी चांगली आठवत असेल. पुढे कचेरीत संगणक आला, त्याला मोडेम जोडला गेला, आणि बूथवर न जाता संगणकातूनच फॅक्स जाऊ लागला. तेव्हा अनेकांसमोर एक प्रश्न उभा राहिला. विंडोजबरोबर आयती मिळणारी फॅक्सची सोय वापरावी, की 'विनफॅक्स'सारखे सॉफ्टवेअर पैसे मोजून घ्यावे? प्रश्न आज शिळा वाटेल. परंतु त्या काळातील दरपत्रके, मागण्या आणि नोटिसा अद्याप कित्येकांच्या संग्रही आहेत, आणि त्यांपैकी काय वाचता येते व काय येत नाही, हे या निवडीशी निगडित आहे.

प्रथम फॅक्स म्हणजे काय ते पाहू. फॅक्स अक्षरे पाठवीत नाही, चित्र पाठवितो. १९८० साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय 'गट ३' मानकानुसार कागदाच्या प्रत्येक आडव्या ओळीचे १७२८ ठिपके होतात, आणि साध्या प्रतीत ए-४ पानावर अशा साडेअकराशेच्या आसपास ओळी बसतात. म्हणजे एका पानाचे सुमारे वीस लाख ठिपके झाले. सेकंदाला ९,६०० या वेगाने ते जसेच्या तसे धाडले तर तीन मिनिटांहून अधिक वेळ लागेल. म्हणून यंत्र 'इतके पांढरे, मग इतके काळे' अशी केवळ लांबी कळविते, आणि सामान्य पत्र एखाद्या मिनिटात पोचते.

मराठी माणसाला याचा मोठा फायदा झाला. त्या वेळी श्रीलिपीसारख्या प्रत्येक मराठी सॉफ्टवेअरची अक्षरांची संकेतपद्धती निराळी होती. तीच फाइल ई-मेलने पाठविली आणि समोरच्याकडे तो फाँट नसला, तर पडद्यावर निव्वळ गिचमीड उमटे. फॅक्सला अशी अडचणच नव्हती, कारण अक्षराचे चित्र येथेच तयार होऊन निघे. मात्र साध्या प्रतीत अनुस्वार आणि रफार बारीक टाइपात बुजत. बिंदू गेला की वंदनाचे वदन होणारच! म्हणून मराठी पत्र दुप्पट ओळींच्या 'फाइन' प्रतीत पाठविणे शहाणपणाचे असे.

तारेवर हे सारे ठरलेल्या नियमांनी चाले. त्यामुळे सोय अंगची असो वा विकतची, पलीकडे पोचणारे पान सारखेच. दोन्ही सॉफ्टवेअरे संगणकाला 'मी एक प्रिंटर आहे' असे सांगत. आपण छापण्याची आज्ञा दिली की पान कागदावर न उतरता फोनवर जाई. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच वेळी शंभर गिऱ्हाइकांना पत्र पाठविणे, रात्रीची वेळ नेमून देणे, पत्त्यांची वही ठेवणे या सोयी अधिक चांगल्या होत्या, हे खरे. ज्याला दिवसाला दोनच पत्रे धाडायची, त्याने त्यासाठी पैसे का मोजावेत?

खरा फरक नोंदीत होता. पान केव्हा गेले, कोणत्या क्रमांकावर गेले, पलीकडील यंत्राने ते घेतले की नाही, याचा दाखला सॉफ्टवेअर ठेवी. हा दाखला किती मोलाचा, ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ सालच्या एका निकालावरून कळेल. सिल इम्पोर्ट, यू.एस.ए. विरुद्ध एक्झिम एड्स सिल्क एक्सपोर्टर्स या खटल्यात न वटलेल्या धनादेशाची नोटीस ११ जून १९९६ रोजी फॅक्सने गेली, आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टर टपालानेही. टपाल २५ जूनला पोचले. नोटीस देणाऱ्याने टपालापासून दिवस मोजून ८ ऑगस्टला फिर्याद गुदरली. न्यायालय म्हणाले, फॅक्सची नोटीसही नोटीसच. मुदत तिच्यापासूनच चालू झाली. फिर्याद मुदतबाह्य ठरली! पुढे २००२ च्या दुरुस्तीने सबळ कारण असल्यास असा उशीर माफ करण्याची मुभा न्यायालयाला मिळाली, ही गोष्ट वेगळी. अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या न्यायालयांत धनादेशाचे खटले नेहमीचेच असल्याने आपल्याकडील व्यापाऱ्याला यातील मर्म वेगळे सांगावयास नको.

अर्थात या दाखल्याचीही मर्यादा आहे. पलीकडील यंत्राने पान स्वीकारले, एवढेच तो सांगतो. ते छापले गेले वा वाचले गेले, हे सांगत नाही. पानाच्या माथ्यावरील नाव व वेळ पाठविणाऱ्याच्याच संगणकातून येते, आणि संगणकाचे घड्याळ चुकीचे लावलेले असले तर वेळही चुकीचीच छापली जाते.

आता हा संग्रह टिकला किती? विंडोज ९५ मधील फॅक्सची सोय विंडोज ९८ च्या नेहमीच्या मांडणीतून वगळली गेली आणि सीडीच्या एका कोपऱ्यात जाऊन बसली. तिने 'ए.डब्ल्यू.डी.' नावाच्या रूपात साठविलेली पाने विंडोज २००० व एक्सपीच्या स्वतःच्या चित्रदर्शकात उघडत नसत. ती सोय नव्या रूपात परतली, पण जुन्या पानांची ओळख विसरून. विनफॅक्स टोराँटोच्या डेल्रिना कंपनीचे. १९९५ साली ती कंपनी सिमँटेकने घेतली आणि २००६ मध्ये विनफॅक्स बंद केले. त्याचीही पाने त्याच्या स्वतःच्या रूपात साठविलेली असत. तेव्हा फुकटचे घेतले म्हणून बुडालो, किंवा पैसे दिले म्हणून वाचलो, असे कोणालाच म्हणता येणार नाही. वाचले ते ज्यांनी पाने साध्या कागदावर छापून घेतली किंवा टिफसारख्या सर्वमान्य रूपात काढून ठेवली, ते. फॅक्सयंत्राच्या गुळगुळीत उष्णतासंवेदी कागदावर विसंबलेल्यांची अक्षरे काही वर्षांत आपोआप पुसट झाली.

विंडोज १० व ११ मध्येही फॅक्सची सोय आहे, पण तिला मोडेम लागतो, आणि आजच्या लॅपटॉपला तो नसतो. बाहेरून जोडला तरी तांब्याच्या तारेऐवजी फायबरवरून येणाऱ्या फोनवर फॅक्स मध्येच तुटण्याचा संभव असतो, कारण आवाजाचे तुकडे करून पाठविताना ज्या किंचित विलंबाकडे कान दुर्लक्ष करतो, तो विलंब मोडेमला सोसत नाही. म्हणून ज्यांच्याकडे जुना संगणक अद्याप चालू स्थितीत आहे, त्यांनी आधी त्यातील पाने आणि पाठवणीची नोंदवही दोन्ही छापून घ्यावीत. संगणक मोडीत काढण्याचा विचार त्यानंतर.