सहीची जबाबदारी

सकाळी 7.30
गोपनीय शाखेच्या जमादारांचा फोन. "सर, आज कॉलेजवर मोर्चा आहे म्हणतात. पोरं किती असतील?" शिष्यवृत्ती थकली म्हणून रिसोड, मालेगाव, अनसिंगहून एसटीने येणारी मुलं आज गेटवर बसणार आहेत. मी आकडा सांगितला नाही, मागणी सांगितली.

9.30
संस्थेचे पदाधिकारी केबिनमध्ये. "पत्र द्या, पोलीस बोलवा." मसुदा तयारच होता. त्यात लिहिलं होतं, 'परिस्थिती हाताबाहेर गेली आहे.' मुलं अजून वाशिमच्या स्टँडवर उतरायची होती. प्राचार्य म्हणून सही माझी लागणार होती. मी केली नाही.

10.30
ठाणेदार साहेब येऊन गेले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 148 प्रमाणे बेकायदा जमावाला पांगण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाणेदार देतो. ठाणेदार नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. हुकूम देऊनही जमाव हटला नाही, किंवा हटायचंच नाही हे वागण्यातून दाखवलं, तर बळाचा वापर. आवारात शिरायला पोलिसांना आमची परवानगी कायद्याने लागत नाही, तो केवळ प्रघात आहे. गाडी गेटबाहेर ठेवायचं त्यांनी मान्य केलं. "पण सर, तुम्ही मुलांसमोर थांबा."

12.00
थांबलो. घोषणा जोरात होत्या. एक मुलगी पुढे आली. "सर, पैसे कवा भेटन, तेवढं सांगा." खोलीभाडं थकल्याने घरमालकाने तिला सामान काढायला सांगितलं होतं. बंदोबस्ताने सुटावा असा हा प्रश्नच नव्हता.

2.00
स्टाफरूममध्ये दिल्लीच्या जामिया मिलिया विद्यापीठाचा विषय निघाला. 15 डिसेंबर 2019 ला पोलीस ग्रंथालयात शिरले. परवानगी दिलीच नव्हती, असं तेव्हाच्या कुलगुरू नजमा अख्तर यांनी जाहीर सांगितलं. आपल्या जवळचं उदाहरण परभणीचं. डिसेंबर 2024 मधल्या आंदोलनानंतर अटक झालेले कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावले. पोलिसांवर गुन्हा नोंदवावा, हा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडून मिळायला जुलै 2025 उजाडला. त्यासाठी त्यांच्या आईला कोर्टाची पायरी चढावी लागली. जबाबदारी वेळेवर कुणी घेतली नाही, की ती अशी शोधत फिरावी लागते.

4.00
शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर कुणाचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकलाय आणि कुणाचा समाजकल्याणच्या, याची यादी फलकावर लावली. कॉलेजकडचे अर्ज कधी पुढे जातील, ती तारीख माझ्या सहीने लिहून दिली. मुलं उठली.

6.00
महाविद्यालय विकास समितीसाठी ठराव लिहिला: पोलिसांना बोलावण्यापूर्वी मुलांशी बोलणी झाल्याची नोंद हवी. पत्रात घडलेलंच लिहावं. बोलावणाऱ्याचं नाव आणि वेळ नोंदवहीत असावी. पोलीस आवारात असेपर्यंत प्राचार्यांनी जागा सोडू नये. मुलांवर लाठी पडली तर हुकूम देणारा अधिकारी जबाबदार आहेच. पण खोटं कारण लिहून ज्याने पोलीस बोलावले, त्यालाही हात झटकता येणार नाहीत.